सुलतान बैबर्स : दास, राजा आणि फल्लाह

दमास्कस शहरात उमय्या मशिदीच्या परिसरात दोन सुलतानांच्या कबरी आहेत. एकीकडून दुसरीकडे चालत जायला काही मिनिटे पुरतात. पहिली कबर सलाहुद्दीन अय्यूबीची. १८९८ साली जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म मुद्दाम तेथे गेला आणि त्याने त्या कबरीला पुष्पचक्र अर्पण केले. दुसरी कबर सुलतान बैबर्सची. युरोपच्या मनात ह्या दुसऱ्या कबरीला तसे स्थान कधी मिळाले नाही. क्रुसेडच्या धर्मयुद्धांचा इतिहास आपल्याकडे इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने आला. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यालाही सलाहुद्दीन ठाऊक असतो, इंग्लंडचा सिंहहृदयी रिचर्ड ठाऊक असतो. बैबर्सचे नाव विचारले तर वर्ग गप्प बसतो.

वस्तुस्थिती काय आहे? सलाहुद्दीनने ११८७ साली जेरुसलेम घेतले हे खरे. पण समुद्रकाठची फ्रँक राज्ये त्याच्या मृत्यूनंतरही उभीच होती. त्या राज्यांचा कणा मोडला तो १२६३ ते १२७१ ह्या आठ-नऊ वर्षांत बैबर्सने. १२९१ साली अक्का (एकर) पडले आणि फ्रँकांची सत्ता संपली. पण त्याची तयारी बैबर्स करून गेला होता. मंगोलांना पश्चिमेकडे रोखणाऱ्या सैन्याच्या आघाडीवरही तोच होता. मग थोरपणा सलाहुद्दीनच्या वाट्याला आणि राकटपणाचा शिक्का बैबर्सच्या वाट्याला, असे का झाले?

एक कारण उघड आहे. सलाहुद्दीन अधिकारी घराण्यात जन्मलेला कुर्द होता. युरोपच्या सरदारांना तो आपल्या तोलामोलाचा शत्रू वाटला. वॉल्टर स्कॉटने १८२५ साली त्याच्यावर कादंबरी रचली ती ह्याच दृष्टीने. बैबर्स बाजारात विकला गेलेला मुलगा होता. सरदाराने सरदाराला हरवले तर ती वीरगाथा होते. विकत घेतलेल्या माणसाने सरदारांना हरवले तर तिला क्रौर्य म्हणतात. इतिहास लिहिणाऱ्याच्या लेखणीलाही कुळ लागते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पण एवढ्यावर थांबलो तर आपली फसगत होईल. 'दास होता, राजा झाला, म्हणजे तो आपला' असा हिशेब आपल्या चळवळीत पुष्कळदा चटकन मांडला जातो. बैबर्सच्या निमित्ताने हा हिशेब तपासून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

१

बैबर्सचा जन्म १२२० नंतरच्या दशकात, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात, किपचाक ह्या तुर्की टोळीत झाला. ही माणसे घोडी, मेंढ्या आणि तंबू घेऊन हिंडणारी. १२३६ नंतर बातूखानाच्या मंगोल फौजा ह्या प्रदेशावर कोसळल्या. टोळ्या उधळल्या गेल्या. जे वाचले ते पळाले, आणि पळणारांना दुसऱ्यांनी धरून विकले. बैबर्सही असाच पकडला गेला आणि अनातोलियातील सिवासच्या बाजारातून सीरियात आला.

त्याची किंमत वृत्तांतांत नोंदलेली आहे: आठशे दिरहम. ती देऊन घेणाऱ्याने त्याला परत केले अशीही कथा आहे, कारण त्याच्या एका डोळ्यात पांढरा डाग होता. बाजारातले जनावर खोड निघाली म्हणून परत करावे, तसा हा पोरगा परत केला गेला. शेवटी आयदकीन नावाच्या अमीराने त्याला विकत घेतले. आयदकीन बुंदुकदार होता, म्हणजे सुलतानाचे धनुष्य सांभाळणारा. मालकाच्या हुद्द्यावरून दासाला नाव पडले: बैबर्स अल-बुंदुकदारी. पुढे सुलतान झाल्यावरही हे नाव त्याला चिकटून राहिले. सुलतान सालिह अय्यूबची आयदकीनवर गैरमर्जी झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि त्या मालमत्तेबरोबर बैबर्सही सुलतानाकडे गेला. नाईल नदीतील रौदा बेटावर सुलतानाने विकत घेतलेल्या तुर्की दासांची एक पलटण ठेवली होती. नदीला तेथे 'बहर' म्हणत, म्हणून ही पलटण बहरी म्हणून ओळखली गेली. त्या पलटणीत बैबर्स सैनिक झाला.

२

अशा दासाला अरबीत 'ममलूक' म्हणत. शब्दाचा अर्थच 'मालकीचा'. परंतु ममलूक म्हणजे शेतात राबणारा किंवा घरात पाणी भरणारा गुलाम नव्हे. त्याला आधी अक्षरे शिकवत, कुराण वाचायला शिकवत. मग घोडा, भाला, धनुष्य आणि तलवार. शिक्षण पुरे झाले की त्याला दास्यातून मुक्त करून घोडा आणि शस्त्रे देत. मुक्त झाला तरी जुन्या धन्याशी इमान आणि एका धन्याच्या हाताखाली वाढलेल्या सोबत्यांशी भाऊबंदकी हीच त्याची दुनिया. त्याला आईबाप नाहीत, गाव नाही, जातगोत नाही. राजाला नेमका असाच माणूस हवा होता. स्थानिक सरदारांची मुळे गावोगाव पसरलेली असतात. दासाचे मूळ उपटून आणलेले असते, म्हणून तो फक्त धन्याचा.

येथे बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची जी तुलना केली आहे ती आठवल्याशिवाय राहत नाही. त्यांचा मुद्दा असा की गुलाम ही धन्याची मालमत्ता असते, म्हणून त्याला जगवण्यात आणि शिकवण्यात धन्याचा स्वार्थ असतो. प्राचीन रोममध्ये गुलाम शिक्षक झाले, वैद्य झाले, ते ह्यामुळेच. अस्पृश्य कोणाची मालमत्ता नाही. म्हणून त्याच्या जगण्यामरण्याची काळजीही कोणाला नाही. ममलूक हे ह्या सिद्धांताचे टोकाचे उदाहरण आहे. मनुस्मृतीने शूद्रातिशूद्रांना ज्या दोन गोष्टी नाकारल्या, अक्षर आणि शस्त्र, त्याच दोन गोष्टी ह्या विकत घेतलेल्या पोरांच्या हाती देण्यात आल्या. परिणाम काय झाला? एका पिढीत ते धन्याच्या गादीवर बसले. अक्षर आणि शस्त्र ह्यांवर आपल्याकडे इतका कडक पहारा का होता, ह्याचे उत्तर येथे इतिहासानेच दिले आहे.

मात्र सगळ्याच दासांच्या हाती हे आले, असे समजू नये. दासांतही उतरंड होती. इराकच्या दलदलीत मिठागरांची जमीन खरवडणाऱ्या काळ्या झंज गुलामांनी ८६९ साली बंड केले आणि चौदा वर्षे खलिफाच्या फौजांशी झुंज दिली. त्यांच्या वाट्याला सिंहासन नव्हे, कत्तल आली. ज्या सलाहुद्दीनचे औदार्य गाइले जाते, त्याने ११६९ साली कैरोतील काळ्या सैनिकांचे बंड मोडताना त्यांची वस्ती जाळली. घोड्यावर बसलेला तुर्की दास आणि पायी लढणारा काळा दास एका पंगतीचे नव्हते. विषमतेची पायरीपायरीने केलेली मांडणी ही केवळ हिंदू समाजाची मिरासदारी नाही. आपल्याकडे तिला धर्माने अभेद्य केले, हा फरक आहे.

३

१२४९ च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई मोठे आरमार घेऊन इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने दमिएता घेतले. सुलतान सालिह अय्यूब त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मरण पावला. त्याची पत्नी शजर-उद-दुर्र ही स्वतः एकेकाळची दासी. तिने मृत्यूची बातमी दडवून ठेवून राज्ययंत्र चालू ठेवले. १२५० च्या फेब्रुवारीत फ्रँकांची आघाडीची तुकडी मन्सुरा गावात घुसली, तेव्हा बहरी ममलूकांनी तिला अरुंद गल्ल्यांत कोंडून कापून काढली. राजाचा भाऊ रॉबर्ट तेथेच पडला. ह्या लढाईत बैबर्सचे नाव पुढे आले. एप्रिलमध्ये खुद्द लुई कैद झाला. दमिएता परत देऊन आणि आठ लाख बेझंटांची खंडणी कबूल करून तो सुटला. आठशे दिरहमांचा पोरगा आणि आठ लाखांचा राजा समोरासमोर आले, आणि कैदी राजा होता.

सालिहचा मुलगा तुरानशाह गादीवर आला आणि बापाच्या ममलूकांना बाजूला सारू लागला. मे महिन्यात ममलूकांनी त्याला ठार केले. मारणारांत बैबर्स होता. मग गादीवर बसली शजर-उद-दुर्र. तिच्या नावाने नाणी पडली. पण बगदादच्या खलिफाला स्त्रीचे राज्य रुचले नाही, आणि सुमारे ऐंशी दिवसांत तिला पायउतार व्हावे लागले. ज्या ममलूकांनी 'दास' हा शिक्का झुगारला होता, त्यांनी 'स्त्री' हा शिक्का मुकाट मान्य केला. आयबक नावाचा ममलूक सुलतान झाला.

ह्या नव्या राज्याला पहिले देशी आव्हान मिळाले ते १२५३ साली. इजिप्तमधील अरब टोळ्यांचा पुढारी हिस्नुद्दीन सालब ह्याने बंड केले. तो कुलीन होता, पैगंबरांच्या वंशातला म्हणवला जाई. त्याचा युक्तिवाद सरळ होता: देशाचे खरे धनी आम्ही, दासांची चाकरी आम्ही का करावी? बंड मोडले गेले. राज्यकर्ता परका आहे, फौज पोसण्यासाठी प्रजा पिळली जाते, अशी तक्रार तो करू शकला असता. त्याने बोट ठेवले ते जन्मावर. पिळणूक सहन होते, पण पिळणारा हलक्या जन्माचा असला तर सहन होत नाही, हा कुलीनांचा स्वभाव सर्व देशांत सारखा आहे.

१२५४ मध्ये बहरींचा म्होरक्या अक्ताय मारला गेला आणि बैबर्स साथीदारांसह सीरियात परागंदा झाला. १२५८ साली हुलागूने बगदाद लुटले, खलिफाला ठार केले. १२६० च्या आरंभी अलेप्पो आणि दमास्कस मंगोलांच्या हाती गेले. तेव्हा कैरोत कुतुझ सुलतान होता. तोही ममलूकच, पण आपण मुळात ख्वारज्मच्या शाही घराण्याचे, असे तो सांगे. बैबर्सने जुने वैर बाजूला ठेवून त्याच्याशी हातमिळवणी केली. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाईनमधील ऐन जालूत येथे मंगोल सेनापती कितबुका मारला गेला. हुलागू बहुतेक फौज घेऊन आधीच मागे फिरला होता, हे विसरता कामा नये. तरीही मंगोल हरू शकतात हे त्या दिवशी जगाला दिसले. परतीच्या वाटेवर, ऑक्टोबरमध्ये, बैबर्स आणि त्याच्या साथीदारांनी कुतुझला ठार केले. अलेप्पोचा सुभा त्याला हवा होता आणि मिळाला नव्हता, असे एक कारण सांगतात. वृत्तकार पुढे लिहितात की छावणीत विचारणा झाली, सुलतानाला कोणी मारले? बैबर्सने 'मी' म्हटल्यावर 'मग तूच गादीवर बस' असे त्याला सांगण्यात आले.

म्हणजे ह्या राज्यात गादीचा हक्क जन्माने ठरत नव्हता. पण तो लोकांच्या संमतीनेही ठरत नव्हता. तो तलवारीने ठरत होता. जन्माचा हक्क मोडला म्हणजे न्याय आला, असे होत नाही.

४

बैबर्सने सतरा वर्षे राज्य केले. तो कर्तबगार होता, ह्यात शंका नाही. कैरोपासून दमास्कसपर्यंत घोड्यांच्या डाकचौक्या बसवून त्याने चार दिवसांत बातमी पोहोचेल अशी व्यवस्था केली. १२६५ साली चारही इस्लामी न्यायपंथांचे स्वतंत्र मुख्य काझी नेमले. १२६४ च्या महागाईत कैरोतील गोरगरिबांची मोजदाद करवून अमीर आणि धनिक ह्यांच्यावर त्यांच्या पोषणाची वाटणी केली. १२६५ मध्ये सीझरिया आणि अर्सुफ, १२६६ मध्ये सफेद, १२६८ मध्ये जाफा आणि अँटिऑक, १२७१ मध्ये क्राक हा बलाढ्य किल्ला, अशी ठाणी त्याने एकामागून एक घेतली. १२७२ मध्ये अक्काच्या फ्रँकांशी दहा वर्षे, दहा महिने आणि दहा दिवसांचा तह केला. १२७७ च्या एप्रिलमध्ये एल्बिस्तान येथे मंगोलांना पुन्हा हरवले आणि १ जुलै १२७७ रोजी दमास्कसमध्ये तो मरण पावला.

राज्य चालवण्यासाठी त्याला आणखी एका गोष्टीची गरज पडली: प्रतिष्ठेची. बगदादच्या कत्तलीतून वाचलेला अब्बासी घराण्यातला एक पुरुष १२६१ साली कैरोत आला. काझीसमोर त्याच्या वंशावळीची तपासणी झाली, साक्षी झाल्या, तो खलिफा ठरला. आणि त्या खलिफाने बैबर्सला सुलतानपदाची वस्त्रे दिली. ज्याला स्वतःची वंशावळ नव्हती, त्याने दुसऱ्याची वंशावळ तपासून घेतली आणि तिच्या हातून स्वतःवर शिक्कामोर्तब करून घेतले! हा खलिफा वर्षाच्या आत मंगोलांशी लढताना मारला गेला. बैबर्सने दुसरा बसवला. राज्याभिषेकासाठी कुळाचा दाखला कोणाकडून मिळवावा लागतो, तो मिळवताना काय काय करावे लागते, हे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. सफेदच्या किल्ल्यातील लोकांना अभय मिळाल्याची त्यांची समजूत होती. शरण आल्यावर लढवय्यांची मुंडकी उडवली गेली. अँटिऑक १८ मे १२६८ रोजी पडले. दरवाजे बंद करून घेतले गेले. रस्त्यांत कत्तल झाली आणि जे वाचले ते दास म्हणून वाटले गेले. नगरीचा स्वामी बोहेमंड दूर त्रिपोलीत होता. त्याला बैबर्सने पत्र पाठवून तू असतास तर काय काय पाहिले असतेस ह्याचे सविस्तर वर्णन कळवले. आणि कैद्यांची गर्दी एवढी झाली की मुलगा बारा दिरहमांना आणि मुलगी पाच दिरहमांना जाऊ लागली, असे वृत्तांत सांगतात.

हा आकडा वाचताना मला त्याची स्वतःची किंमत आठवते. आठशे दिरहमांना विकला गेलेला पोरगा सुलतान झाला आणि त्याच्या विजयाने माणसाचा भाव बारा दिरहमांवर आला. बाजारात उभे राहण्याचा अनुभव ज्याने घेतला, त्याला बाजाराची घृणा येईल, असे आपण गृहीत धरतो. ही आपली भाबडी श्रद्धा आहे. वेदना भोगली म्हणजे आपोआप विद्रोह जन्मत नाही. वेदनेला विचाराची जोड मिळाली तरच ती विद्रोह होते. नाहीतर भोगणारा फक्त जागा बदलतो.

५

जागा बदलण्याचा हा प्रकार केवळ रणांगणावरचा नव्हता. तो राज्याचा पाया होता. ममलूकांचा मुलगा ममलूक होत नसे. तो मुक्त आणि मुसलमान म्हणून जन्मलेला, त्यामुळे सर्वोच्च पलटणीची वाट त्याला सहसा बंद. दुय्यम पलटणीत त्याची भरती होई. म्हणजे दर पिढीला नवी पोरे विकत आणावी लागत. बैबर्सच्या राज्याला अन्नाइतकीच दासांची गरज होती. म्हणून त्याने किपचाकांच्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या बर्केखानाशी मैत्री जोडली. हा बर्के कोण? ज्या बातूखानाच्या फौजांनी बैबर्सची टोळी उद्ध्वस्त केली, त्या बातूचा भाऊ. त्याने इस्लाम स्वीकारला होता, हुलागूशी त्याचे वैर होते, म्हणून राजकारण म्हणून ही मैत्री शहाणपणाची होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की किपचाकांची मुले त्या प्रदेशातून विकली जात राहिली. वाटेवर कॉन्स्टँटिनोपलची सामुद्रधुनी होती. तेथील सम्राट मायकेलशी बोलणी करून तो मार्ग मोकळा ठेवण्यात आला. १२८१ साली सुलतान कलाऊनने त्याच सम्राटाशी जो करार केला त्यात दास घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ये-जा विषयी स्पष्ट कलमच आहे. हा कलाऊनही मूळचा दास. एक हजार दिनारांना विकला गेला म्हणून लोक त्याला 'अल्फी', म्हणजे हजारी, म्हणत.

आणि ही पोरे वाहून आणण्यात पुढे कोणाची जहाजे होती? जिनोव्हाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांची. पोप बंदी घालत होते, धर्मयुद्धाची हाक देत होते; आणि त्याच धर्माचे सावकार मुसलमान सुलतानाच्या फौजेला माणसे पुरवत होते. धर्माचे झेंडे वर फडकत असतात. व्यवहार खालून चालू असतो.

बैबर्स मेल्यावर त्याचा एक मुलगा दोन वर्षे आणि दुसरा, सात वर्षांचा, सुमारे शंभर दिवस गादीवर होता. १२७९ मध्ये कलाऊनने गादी घेतली आणि मग त्याच्याच वंशाने शंभर वर्षे ती टिकवली. जन्माचा हक्क नाकारून उभे राहिलेले राज्यही संधी मिळताच जन्माच्या हक्काकडे वळले.

हीच गोष्ट त्या काळी आपल्या देशातही घडत होती. दिल्लीचा बलबन हा बैबर्सचा समकालीन. तोही तुर्क, तोही मंगोलांच्या हाती सापडून विकला गेलेला, इल्तुतमिशने विकत घेतलेला दास. १२६६ साली तो सुलतान झाला. इतिहासकार बरनी सांगतो की बलबन आपले कुळ प्राचीन राजा अफ्रासियाबापर्यंत नेई आणि हलक्या जन्माच्या माणसाला अधिकाराच्या जागेवर बसू देत नसे. स्वतः बैबर्सचे तेच झाले. त्याच्यावर रचलेली दीर्घ लोकगाथा कैरोच्या कॉफीगृहांतून शतकानुशतके सांगितली गेली; एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन ह्या इंग्रजाने ती सांगणाऱ्यांची नोंद केली आहे. त्या गाथेत बैबर्स हा मुळात राजपुत्र आहे! दास थोर होऊच शकत नाही. झाला तर त्याच्या अंगात राजरक्त असलेच पाहिजे. संत रोहिदासांच्या कातडीखाली जानवे शोधणारी कथा ज्याने ऐकली आहे, त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल.

६

आता मला ज्या माणसाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे तो राजवाड्यात नाही. तो नाईलच्या काठावर चिखलात उभा आहे. त्याला 'फल्लाह' म्हणतात, म्हणजे शेतकरी. ममलूक अमीरांचा खर्च गावांच्या उत्पन्नावर चालत असे. 'इक्ता' पद्धतीने गावेच्या गावे त्यांच्या नावे लावलेली असत. इजिप्तचा इतिहासकार मकरीझी (१३६४–१४४२) ह्याने आपल्या काळातील अशा फल्लाहविषयी एक निरीक्षण नोंदवले आहे. त्याचा आशय असा: गावात स्थायिक असलेला शेतकरी हा इक्तादाराच्या दासासारखाच, फरक एवढाच की त्याला कधी विकले जाण्याची आशा नाही आणि मुक्त होण्याचीही नाही, आणि त्याची मुलेबाळेही तशीच.

हे निरीक्षण वाचून मी चमकलो. विकला जाण्याची 'आशा'! ज्या व्यवस्थेत विकले जाणे हीसुद्धा सुटकेची फट वाटावी, तिच्यात तळाचा माणूस दास नव्हे, जन्माने बांधलेला शेतकरी आहे. दासाला किंमत आहे, म्हणून शिक्षण आहे, म्हणून शस्त्र आहे, म्हणून मुक्ती आहे, आणि एखाद्याला सिंहासनही आहे. फल्लाहला किंमत नाही, म्हणून काहीच नाही. सुमारे पाच शतकांच्या अंतराने मकरीझी आणि बाबासाहेब एकाच जागी बोट ठेवताना दिसतात.

आपले नाते कोणाशी? मला वाटते, ते बैबर्सपेक्षा ह्या फल्लाहशी जवळचे आहे. महारवतन आठवा. महाराला कोणी विकत घेतले नव्हते. तो जन्माने गावाला बांधलेला होता. रात्री-अपरात्री सरकारी बोलावणे आले की त्याने धावायचे, आणि मोबदला म्हणून वतनाचा तुकडा व घरोघरचे बलुते. त्याचा मुलगाही तसाच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महारवतनाविषयी विधेयक मांडले ते ही दोरी कापण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले.

आणि शस्त्राचे दार? तेही आपल्या समाजाने पाहिले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार शिपाई होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला ते लढले. छावणीत शिपायांच्या मुलांना शाळा मिळाली. सुभेदार रामजींच्या घरात अक्षर आले ते ह्या वाटेने. पण १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. धन्याच्या गरजेने उघडलेले दार धन्याच्या सोयीने बंद होते. ममलूकांना जी वाट मिळाली ती त्यांच्या माणूसपणाचा हक्क म्हणून नव्हे, धन्याची गरज म्हणून. म्हणूनच त्या वाटेने काही हजार घोडेस्वार वर गेले आणि लाखो फल्लाह जेथे होते तेथेच राहिले.

ह्याचा अर्थ बैबर्सला फेकून द्यावे, असा नाही. जन्मावरून पात्रता ठरते हा सिद्धांत त्याच्या आयुष्याने खोटा पाडला, आणि तो पुरावा आपण वापरलाच पाहिजे. हबशी दास म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला आणि त्याने १६१० साली खडकी वसवली, पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तोही असाच पुरावा आहे. संधी, अक्षर आणि शस्त्र मिळाले तर कोणीही माणूस काय करू शकतो, हे अशा आयुष्यांतून सिद्ध होते. पण पात्रता सिद्ध करणे वेगळे आणि मुक्ती आणणे वेगळे. बैबर्सने पहिले केले. दुसरे त्याच्या मनातही आले नाही, कारण त्याच्यापुढे तसा विचारच नव्हता.

तो विचार कसा असतो हे जोतीरावांनी दाखवले. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. एखादा निग्रो सेनापती झाला म्हणून नव्हे, तर बाजारच बंद झाला म्हणून. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तीही एखाद्या अस्पृश्याला शंकराचार्यांच्या आसनावर बसवा म्हणून नव्हे.

आज आपली माणसे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत खुर्च्यांवर बसतात. त्यांनी बसलेच पाहिजे. त्या खुर्च्या झगडून मिळवलेल्या आहेत. पण आपला माणूस बसला की आपण हारतुरे घेऊन धावतो आणि हिशेब मागायचे विसरतो. ज्या वाटेने तो वर आला त्या वाटेवर मागे राहिलेल्यांचा भाव त्याच्या कारकिर्दीत वाढला की उतरला? त्याच्या खुर्चीचा खर्च कोणत्या गावाच्या माथ्यावर पडतो? आणि कुळाचा दाखला मिळवण्यासाठी तो कोणाच्या दारात उभा आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे तीन प्रश्न बैबर्सला विचारावेत, आणि कार्यकर्त्यांनी ते सभेत, समोर बसलेल्या पुढाऱ्याला विचारावेत. वृत्तकारांनी बैबर्सची प्रत्येक स्वारी तारखेनिशी लिहून ठेवली. त्या स्वाऱ्यांचा दाणा ज्यांनी पिकवला त्या फल्लाहांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. आपला इतिहास लिहायचा तर सुरुवात त्या नावांपासून करावी लागेल.